चीज पघळतं, पनीर काहून नाही?

अमरावतीत पंचवटी चौकाकडून कठोरा नाक्याकडे संध्याकाळी निघालं की कॉलेजच्या पोरापोरींनी वेढलेल्या सँडविचच्या गाड्या लागतात. अकोल्यात जठारपेठ, रतनलाल प्लॉटकडेही तेच चित्र. चीज टोस्ट आणि पनीर टोस्ट एकाच शेगडीवर, एकाच माणसाच्या हातून, शेजारी शेजारी तयार होतात. टोस्टर उघडलं की चीज पावाच्या कडेतून ओघळून बाहेर आलेलं असतं. पनीरचे तुकडे मात्र ठेवले तसे, चौकोनी ते चौकोनीच. "भाऊ, हे पनीर काहून पघळून नाही राहिलं?" असं कोणी विचारलंच, तर "पनीर आहे ना ते!" एवढं बोलून गाडीवाला पुढच्या ऑर्डरकडे वळतो.

उत्तर तसं बरोबर आहे, फक्त अपुरं आहे. दोन्ही दुधापासूनच होतात, दोन्हींत तेच मुख्य प्रथिन, तीच दुधाची फॅट. एक आच लागताच वाहायला लागतं आणि दुसरं तव्यावर तांबूस होऊन आणखी कडक होतं. हा फरक चुलीवर पडत नाही. तो त्याच्या फार आधी, दूध नासवतानाच ठरून गेलेला असतो.

दुधातल्या गाठी

दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असतं. त्याचे अतिसूक्ष्म गोळे दुधात तरंगतात आणि त्या गोळ्यांमधले धागे कॅल्शियमच्या क्षारांनी एकमेकांना बांधलेले असतात. खेड्यातल्या घरी अजून दिसते ती सुंभाने विणलेली बाज आठवा. गाठी घट्ट असल्या की बाज ताठ राहते. थोड्या सैलावल्या की तिला झोळ येतो. सगळ्याच सुटल्या तर खाली सुंभाचा नुसता गुंता पडतो. चीज वितळतं म्हणजे या बाजेला झोळ येतो. झोळ यावा पण गुंता होऊ नये, यातच चीज करणाऱ्याचं कसब असतं.

त्यासाठी तो दूध उकळत नाही. ३०-३५ अंशांवर कोमट ठेवतो, त्यात जिवाणूंचं विरजण घालतो आणि मग रेनेट नावाचं एक विकर घालतो. हे रेनेट पूर्वी वासराच्या पोटातून काढत. आपल्याकडे आता सूक्ष्मजीवांपासून बनवलेलं वापरतात, म्हणून चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. केसिनच्या गोळ्यांवर बारीक लव असते, तिच्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. रेनेट ही लवच छाटतं. गोळे चिकटतात, दूध थिजतं, आणि गाठी मात्र जागच्या जागी राहतात. दरम्यान जिवाणू दूध सावकाश आंबट करत जातात आणि त्या आंबटपणात थोडं थोडं कॅल्शियम विरघळून निवळीत उतरतं. आंबटपणाचं माप म्हणजे सामू. पाण्याचा सामू ७, दह्याचा साधारण साडेचार. चीजचा सामू ५.२ ते ५.४ च्या आसपास थांबवला की गाठी हव्या तेवढ्याच सैल झालेल्या असतात. पिझ्झ्यावरच्या मोझरेलाची लांबलचक तार याच टप्प्यावर निघते. याहून कमी आंबट राहिलं तर ते नीट वितळत नाही, जास्त आंबवलं तर भुसभुशीत होऊन तुटतं.

पनीरचं सगळंच वेगळं. दूध उकळीला आणायचं, लिंबू पिळायचं, दोन मिनिटांत चोथा आणि निवळी वेगळी. या घाईत दोन गोष्टी होतात. उकळीच्या तापमानाला दुधातली उरलेली, एरवी निवळीबरोबर निघून जाणारी प्रथिनं उलगडतात आणि केसिनला घट्ट धरून बसतात. दुसरीकडे लिंबाच्या आंबटपणाने कॅल्शियमच्या गाठी झटक्यात सुटतात आणि धागे एकमेकांना थेट चिकटतात. बाजेच्या सुंभावर सरस ओतून वाळवावा तसंच हे. आता उष्णता दिली तर आतलं पाणी बाहेर पडतं आणि धागे आणखीच आवळले जातात. झोळ यायला सैल असं काही उरलेलंच नसतं.

पनीरचा हा दोष समजू नये. रश्श्यात तासभर उकळूनही तुकडा शाबूत राहतो तो याचमुळे. पालकाच्या भाजीत मोझरेला घालून पाहिला तर पनीरची किंमत कळेल.

म्हशीच्या दुधाची अडचण

वऱ्हाड म्हशीच्या दुधाचा मुलूख. पूर्णेच्या काठची पूर्णाथडी म्हैस अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या गोठ्यांतून बांधलेली दिसते. मेळघाटातल्या गवळ्यांचा खवा चिखलदऱ्याला जाणारा प्रत्येकजण घरी आणतो. दही, तूप, खवा, सगळं झालं. चीज मात्र आपल्या स्वयंपाकघरात कधी शिरलं नाही.

याला चवीइतकंच दूधही कारण आहे. गायीच्या दुधात फॅट चारेक टक्के, म्हशीच्या दुधात सातच्या घरात. केसिन जास्त आणि कॅल्शियमही जास्त, म्हणजे गाठी मुळातच जास्त. युरोपातल्या चीजच्या पद्धती गायीच्या दुधावर बेतलेल्या. त्याच रीतीने म्हशीचं दूध थिजवलं तर गोळा कडक होतो आणि मुरायला फार वेळ घेतो. आणंदच्या डेअरीचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी झालं, त्याआधी म्हशीच्या दुधाची भुकटीच होऊ शकत नाही असं परदेशी जाणकार सांगत होते. तिथले तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली. म्हशीच्या दुधाचं चीजही तिथे पुढे वाट काढत काढतच आलं. आता आपल्याच राज्यात, पुणे जिल्ह्यातल्या मंचरला चीजचा मोठा कारखाना आहे. अकोल्याच्या किराणा दुकानातल्या फ्रीजमध्ये आणंद आणि मंचर एकमेकांना खेटून बसलेले असतात.

गंमत अशी की ज्या मोझरेलाला आपण गोऱ्या गायीचं अपत्य समजतो, तो मूळचा इटलीतल्या कांपानिया भागातल्या म्हशींचा. तो मुरवायचा नसतो, ताजाच खायचा असतो. मुरण्याचीच अडचण असेल तर न मुरवता खायचं चीज करा, हा तोडगा तिथल्या गवळ्यांना आपल्या आधी सुचला, इतकंच.

पाकिटावरचा ३३१

टोस्टसाठी गाड्यांवर बहुतेक वेळा प्रोसेस्ड चीजचा ठोकळा, क्यूब किंवा स्लाइस वापरतात. चोखंदळ मंडळी याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. निदान टोस्टच्या बाबतीत तरी हे चीज आपल्या जागी चोख काम करतं.

साधं मुरलेलं चीज जास्त तापलं की फुटतं. प्रथिनांचा चिवट गोळा एकीकडे आणि तुपासारखी फॅट दुसरीकडे. स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ साली यावर उपाय काढला. किसलेलं चीज सायट्रेट क्षारांबरोबर तापवायचं आणि घोटायचं. हा क्षार केसिनमधलं कॅल्शियम ओढून घेतो आणि त्या जागी सोडियम देतो. बाजेच्या गाठी थोड्या उकलतात, मोकळे झालेले धागे फॅटच्या थेंबांना वेढून बसतात, आणि मग तापवलं तरी तेल सुटत नाही. अमेरिकेत जेम्स क्राफ्ट यांनी अशाच प्रकारच्या पद्धतीचं पेटंट १९१६ मध्ये घेतलं. हातातलं पाकीट उलटं करून बघा. घटकांच्या बारीक अक्षरांत ३३१ हा आकडा दिसला तर ते सोडियम सायट्रेट, ३३९ दिसला तर सोडियमचं फॉस्फेट.

स्विस मंडळींची खटपट मुळात उष्ण देशांत पाठवता येईल असं टिकाऊ चीज करण्यासाठी होती. म्हणजे कळत नकळत ती अकोल्यासाठीच होती म्हणा ना! मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर चढतो. दुधाची फॅट ३७-४० अंशांना पूर्ण पातळ होते. त्यामुळे ओट्यावर राहिलेल्या लोण्याचं अर्ध्या तासात पाणी होतं. चीजचा ठोकळा मात्र त्याच ओट्यावर उभा राहतो. फार तर त्याच्या अंगावर घाम आल्यासारखे तेलाचे थेंब जमतात. आतली फॅट वितळलेली असते, पण केसिनची बाज अजून ताणलेली असते. चेडरसारख्या चीजची बाज साधारण ६५ अंशांना बसते, पार्मेसानसारख्या कोरड्या जुन्या चीजची ८० च्या पुढे. वैशाखातलं ऊन तिथवर पोचत नाही, एवढीच काय ती कृपा.

घरी जुनं, सुकलेलं चीज उरलं असेल तर हाच क्षार ओट्यावर करता येतो. लिंबाच्या रसात चिमूट चिमूट खायचा सोडा, फसफस थांबेपर्यंत. उरतं ते मुख्यतः सोडियम सायट्रेटचं पाणी. थोड्या दुधात ते घालून मंद आचेवर चीजचा कीस घोटला की न फुटणारं, पावावर पसरणारं चीज तयार. सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते, तेवढं सांभाळा.

बाहेर १५०, आत ७०

चीज टोस्टमध्ये एकाच वेळी दोन कामं उरकायची असतात. पाव बाहेरून खरपूस व्हायला त्याचा पृष्ठभाग १४० अंशांच्या वर जावा लागतो. तिथे पिठातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी भिडून तो तांबूस रंग आणि भाजका वास तयार होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी १९१२ मध्ये ही प्रक्रिया मांडली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पण पावात पाणी आहे तोवर तापमान शंभराला अडून बसतं, सगळी उष्णता वाफ करण्यात जाते. म्हणून आदल्या दिवशीचा पाव ताज्यापेक्षा चांगला टोस्ट होतो, आणि बाहेरून लावलेलं लोणी उपयोगी पडतं. ते पाव आणि धातू यांच्यातल्या फटी भरतं, उष्णता सगळीकडे सारखी पोचवतं, शिवाय त्यातले दुधाचे घन कण स्वतःही तांबूस होतात.

आत मात्र चीजला फक्त ६५-७० अंश हवे असतात, पण तिथवर उष्णता पोचायला वेळ लागतो, कारण पाव म्हणजे हवेने भरलेली गादी. आच मोठी ठेवली तर पाव करपतो आणि चीज तसंच राहतं. गाडीवाल्याकडे वेळ नसतो, आच मोठीच असते. म्हणून तो चीज किसून घालतो. पातळ कीस लवकर तापतो. लांब दांडीचं, दोन पल्ल्यांचं ॲल्युमिनियमचं टोस्टर कडा दाबून बंद होतं, त्यामुळे वाफ आत कोंडते आणि चीजला उष्णता पोचवण्याचं काम तीही करते.

काकडी, टोमॅटो, बीट आणि उकडलेला बटाटा हे सगळे पाण्याचे साठे. वाफेबरोबर त्यांचं पाणी पावात शिरलं की टोस्ट ओलाकच्च. जाणता गाडीवाला आधी लोणी फासतो आणि मग हिरवी चटणी. चव तर असतेच, पण लोण्याचा थर पाण्याला पावात शिरू देत नाही. हाच न्याय पुढे न्यायचा तर चीज दोन्ही पावांना लागून घालावं आणि भाज्या मधोमध ठेवाव्यात.

आणि तो टोस्टवर शेवटी किसलेला चीजचा पांढरा डोंगर? दिसायला झकास, फोटोला उत्तम, चवीला जवळजवळ निरुपयोगी. टोस्टरमधून निघालेला पाव झपाट्याने निवतो, किसाच्या धाग्यांमध्ये हवा असते, त्यामुळे वरचं चीज वितळत नाही आणि थंड चीजचा वास पुरता सुटतही नाही. तेवढंच चीज आत घालायला सांगा, पैसे वसूल होतात.

┌──────────────
चौकट : घरी करताना
पाव कालचा घ्या. लोणी आतूनही लावा, बाहेरूनही. चीज किसून दोन्ही बाजूंना, भाज्या मध्ये, आणि टोमॅटोच्या बिया काढून टाका. आच मंद ठेवा. तारही हवी आणि चवही हवी असेल तर निम्मा मोझरेला आणि निम्मं प्रोसेस्ड चीज मिसळा. नुसत्या मोझरेलाला तार फार, चव बेताची. टोस्ट उघडल्यावर मिनिटभर थांबा. वितळलेलं चीज जिभेला चिकटून राहतं, म्हणून त्याचा चटका बटाट्याच्या चटक्याहून वाईट.
└──────────────

ठेचा आत की बाजूला?

मुंबईच्या गाडीवर टोस्टबरोबर लाल सॉस आणि हिरवी चटणी येते. सॉसमागे थोडं तथ्य आहे. पिकल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ग्लुटामेट असतं, रसदार मांसल चव देणारं, आणि दोन्ही एकत्र आले की ती चव वाढते. पण वऱ्हाडातल्या घरी चीज टोस्ट झाला की कोणीतरी ठेच्याची वाटी काढतंच. तव्यावर तेलात परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ, थोडे दाणे, आणि तवा गरम असतानाच लोट्याच्या बुडाने रगडलेलं. गुळगुळीत नाही, जाडंभरडं.

मिरचीचं तिखट म्हणजे कॅप्सेसिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, फॅटमध्ये सहज विरघळतं. म्हणून तिखट लागल्यावर पाणी पिऊन काही होत नाही, उलट ते तोंडभर पसरतं. दूध, दही, ताक चालतं, कारण केसिन कॅप्सेसिनला धरून जिभेवरून उचलून नेतं. चीजमध्ये केसिन आणि फॅट दोन्ही ठासून भरलेलं. म्हणजे तिखटावरचा उताराच पावात भरून ठेवलेला आहे.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. ठेचा चीजबरोबर आत घालून भाजला की त्यातलं कॅप्सेसिन वितळलेल्या फॅटमध्ये उतरतं आणि तिखटपणा सौम्य, सगळीकडे सारखा पसरलेला लागतो. लसणाचा उग्रपणाही आचेने जातो. तोच ठेचा तेवढाच बाजूला घेऊन बोटाने लावत खाल्ला तर दुप्पट झोंबतो. लहान मुलांसाठी आत, वऱ्हाडी पाहुण्यासाठी बाजूला.

आणखी एक खोड लक्षात ठेवण्यासारखी. जिभेवरच्या ज्या संवेदकाला मिरची कळते, त्यालाच चटकाही कळतो. साधारण ४३ अंशांच्या पुढे तो 'भाजलं' असा निरोप मेंदूला धाडतो. कॅप्सेसिन हीच मर्यादा खाली आणतं, म्हणून एरवी कोमट वाटेल ते तिखटानंतर पोळतं. कढत चीज आणि ठेचा एकाच घासात म्हणजे दोन्हीकडून एकच घंटा वाजवणं. टोस्ट थोडा निवू दिला की ठेच्यातला लसूण आणि दाणे ओळखू येतात. नाहीतर नुसतंच "हाय बाप्पा" करत बसावं लागतं.

आंबट काहीतरी हवंच

चीजचे चार घास झाले की तोंडात फॅटचा थर बसतो आणि पाचव्या घासाची चव मंदावते. आंबट खाल्लं की लाळ सुटते, थर धुतला जातो. टोस्टवर लिंबू पिळलेला कच्चा कांदा हे काम करतोच, पण आपल्याकडे याहून चांगली मंडळी आहेत. अंबाडीच्या लाल फुलांची आंबटगोड जेली चीजबरोबर उत्तम लागते. गूळ घातलेली कवठाची चटणीही तशीच. वरूड-मोर्शीकडची संत्री बाजारात असतील तेव्हा सोललेल्या फोडी नुसत्या बाजूला ठेवाव्यात. खारट चीज, आंबटगोड संत्रं, दोघांचं चांगलं जमतं. मृग बहाराची संत्री उन्हाळ्याच्या तोंडाला येतात, तेव्हा तर नक्कीच.

प्यायला बहुतेकजण थंडगार कोल्ड्रिंक मागवतात. इथे मात्र फॅट उलटते. बर्फाच्या थंडीने तोंडातली दुधाची फॅट थिजते आणि टाळूला मेण लागल्यासारखं होतं. गरम चहा ती पातळ ठेवतो. त्यातही कोरा चहा, लिंबू पिळलेला, अधिक बरा. चहातली तुरट द्रव्यं तोंड कोरडं करून फॅट कापतात. दुधाच्या चहात ती द्रव्यं दुधातल्याच केसिनला आधीच चिकटलेली असतात, त्यामुळे काम करायला फारशी उरत नाहीत. उन्हाळ्यात चहा नको असेल तर फ्रीजबाहेरचं ताक घ्यावं. त्यात आंबटही आहे आणि ठेच्यावरचा उताराही.

डब्यात द्यायच्या टोस्टचं गणित वेगळं. निवल्यावर फॅट थिजते, केसिनचे धागे पुन्हा आवळतात आणि मोझरेला रबरासारखा होतो. म्हणून डब्यासाठी प्रोसेस्ड चीजचाच स्लाइस घ्यावा, तो गार झाला तरी मऊ राहतो. हिरवी चटणी दुपारपर्यंत पाव भिजवून टाकते. तिच्याऐवजी लोण्यावर जवसाची कोरडी चटणी भुरभुरावी. भाजलेल्या जवसाचा वास भाजलेल्या पावाशी जुळतो, आणि दुपारच्या सुट्टीत डबा उघडला तरी पाव ओला झालेला नसतो.